बारावीनंतर एक वर्ष मातीत आणि पाण्यात: गोव्यातली मुलं आणि पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

मी सत्तरी तालुक्यात हायर सेकंडरीला जीवशास्त्र शिकवते. बारावी झाल्यावर मी स्वतः एक वर्ष मामाच्या कुळागरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, राबले आणि मगच कॉलेजात गेले. गावात हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून दर वर्षी निकाल लागला की कुणी ना कुणी घरी येतं. कधी मूल एकटंच, कधी आईवडिलांसोबत, कधी नुसती आई, मुलाला न सांगता. प्रश्न बहुतेक तेच असतात. उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत असं कधीपासून मनात होतं.

कॉलेजला न जाता एक वर्ष थांबायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

कुणाच्या तरी हाताखाली, उघड्यावरच्या कामाला, ठरल्या वेळी रोज हजर राहायचं. जून ते मे.

महिने मुद्दाम सांगते. आपल्याकडे कॉलेज उघडतं त्याच सुमाराला पाऊस येतो आणि सरद (पावसाळी) शेतीची पेरणी सुरू होते. कॉलेजचं वर्ष आणि शेतीचं वर्ष गोव्यात जवळजवळ एकाच दिवशी सुरू होतं. जो मुलगा जूनमध्ये कामाला लागतो त्याला मे संपेपर्यंत एक पुरा फेरा बघायला मिळतो: चिखल, लावणी, कापणी, वायंगण (पावसाळ्यानंतरचं भात), सुपारी, काजू, भिरंडं (कोकमाची फळं), आणि पुन्हा ढग. माझा आग्रह या पुऱ्या फेऱ्याचा आहे. लावणी करून निघून गेलेल्याला आपली ओळ वाकडी गेली होती हे कळतं, पण त्या वाकड्या ओळीने कापणीला किती त्रास दिला ते कळत नाही. ते ऑक्टोबरमध्ये त्याच शेतात विळा घेऊन वाकल्यावर कळतं.

नापास झालेली किंवा प्रवेश न मिळालेली मुलंच हे करतात ना?

नाही. माझ्याकडे आलेल्यांत चांगले गुण मिळवलेली मुलं बरीच होती. दहावीपासून सकाळी शाळा, दुपारी शिकवणी आणि रात्री पुस्तक अशी तीन वर्षं काढल्यावर काहींना पुढे काय शिकायचं हेच सांगता येत नाही. "सगळे कॉमर्सला चाललेत म्हणून मीपण" हे उत्तर मला दर वर्षी ऐकू येतं आणि दर वेळी वाईट वाटतं. अशा मुलाचं एक वर्ष थांबणं हे चुकीच्या शाखेत तीन वर्षं घालवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

लोक काय म्हणतील?

म्हणतील. लग्नात, चतुर्थीला, बसमध्ये विचारतील, "बाय, तू आता काय करतेस?" मी पहिल्या चतुर्थीला उत्तर टाळत होते. शिमग्यापर्यंत "मामाकडे कुळागरात काम करते" हे सरळ सांगू लागले, आणि मग विचारणाराच पाण्याचं, सुपारीच्या भावाचं बोलू लागला. आईवडिलांनी मात्र लोकांसमोर मुलाची बाजू घ्यावी. घरात काय तो वाद घाला, पण दारात आलेल्या पाहुण्यासमोर "ऐकतच नाही हो" असं म्हणू नका. ते मुलाच्या फार वर्षं लक्षात राहतं.

मूल पुन्हा अभ्यासाकडे वळलंच नाही तर?

ही भीती खरी आहे आणि मी ती उडवून लावणार नाही. काही जण वळत नाहीत. माझ्या पाहण्यात असं आहे की ज्या घरात परतीची तारीख आधीच ठरलेली होती तिथली मुलं परतली, आणि जिथे "बघू पुढे" होतं तिथे ते बघणं लांबत गेलं. म्हणून जूनमध्येच पुढच्या वर्षीच्या प्रवेशाचा महिना कॅलेंडरवर लिहून ठेवा. मार्चपासून संध्याकाळी तासभर वाचन परत सुरू करायचं, हेही तेव्हाच कबूल करून घ्या. इंग्रजी वाचायची सवय मोडली तर कॉलेजच्या पहिल्या सहामाहीत जड जातं, हा माझा स्वतःचा अनुभव.

प्रवेशाला अडचण येते का?

साध्या पदवीला सहसा येत नाही. मधल्या वर्षात दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला नव्हता असं प्रतिज्ञापत्र अनेक ठिकाणी मागतात. ते नोटरीकडे करून मिळतं. शाळा सोडल्याचा दाखला, चारित्र्याचा दाखला आणि गुणपत्रिका निकालाच्या वेळीच घेऊन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. मी दाखला न घेता गेले होते. वर्षभराने तो मागायला गेले तेव्हा ज्या टेबलावर मिळायचा तिथल्या माणसाने मला चार खेपा घालायला लावल्या, आणि प्रवेशाची मुदत संपायला दोन दिवस असताना तो हातात पडला.

प्रवेश परीक्षांचं मात्र नीट समजून घ्या. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड ही ज्या वर्षी बारावी दिली त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी, अशी दोनदाच देता येते. आयआयटीचा विचार असेल तर हे थांबलेलं वर्ष म्हणजे तुमची दुसरी आणि शेवटची संधी. मेडिकलच्या नीट परीक्षेला वरची वयोमर्यादा नाही, पण एका वर्षीचे गुण त्याच वर्षीच्या प्रवेशाला चालतात. यंदा परीक्षा देऊन गुण पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येत नाहीत. या दोन्ही परीक्षांची खरी तयारी करायची असेल तर दिवसभर शेतात राबून ती होणार नाही. दोन्ही एकत्र करू पाहणाऱ्या मुलांची मी ओढाताण पाहिली आहे. एक काहीतरी निवडा.

आधी कॉलेजला जाऊन मग थांबता येतं का?

येतं. आपल्या कॉलेजांत २०२३-२४ पासून नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे चार वर्षांची पदवी लागू झाली. त्यात नियमाप्रमाणे पहिलं वर्ष आणि ठरलेलं उन्हाळी काम पूर्ण करून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं. तीन वर्षांच्या आत परत यायचं आणि एकूण सात वर्षांत पदवी संपवायची. ज्या घरात आजी-आजोबांपासून सगळेच घाबरलेले असतात तिथे मी हा मार्ग सुचवते. पाय आत राहतो.

कुठे आणि कोणतं काम मिळेल?

हाच प्रश्न सगळ्यात मोठा, आणि उत्तर ऋतूवर अवलंबून.

पावसाळ्यात भात. तिसवाडीत, चोडणला, दिवाडीला खाजनं आहेत, म्हणजे नदीची भरती बांधाने अडवून केलेली शेतं. बांधात मानस असते, लाकडी झडपांची. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तशा झडपा बंद होतात, ओहोटीला आतलं पाणी त्या ढकलून बाहेर जातं. पहिल्या पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन निघालं की तिथे कोरगुट नावाचं खारं पाणी सोसणारं भात लावतात. मानशीजवळ एक भरती-ओहोटी बसून बघा. माझ्या विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्रातला दाब तिथे कळला, असं त्यांनीच मला सांगितलं. बांध फुटून पडीक झालेली खाजनंही तिथेच दिसतील. बांधाची डागडुजी सगळ्यांनी मिळून करायची असते आणि माणसं मिळेनाशी झाली आहेत. धडधाकट अठरा वर्षांच्या पोराला तिथे कुणी नाही म्हणणार नाही.

नोव्हेंबरपासून कुळागर. सत्तरी, फोंडा, सांगे, काणकोण या भागांत नारळ, सुपारी, केळी, मिरी, जायफळ एकाच जागेत, एकाखाली एक. सुपारी उतरवणं, वाळवणं, सोलणं हे महिनोन्‌महिने चालतं. माडावर चढणारे पाडेली कमी झाल्यामुळे यंत्राने माडावर चढण्याचं प्रशिक्षण नारळ विकास मंडळाने सुरू केलं होतं. असा वर्ग पुन्हा कधी आहे याची चौकशी जुन्या गोव्याच्या किंवा मडगावच्या कृषी विज्ञान केंद्रात करा. ज्याला हे काम येतं त्याला गावात रोज बोलावणं असतं.

उन्हाळ्यात काजू. फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत डोंगर उतारावर पहाटे जाऊन पडलेली बोंडं गोळा करायची, बी पिळून काढायची, बोंडं वेगळी ठेवायची. काठीच्या टोकाला खिळा असतो, त्याने बोंड टोचून उचलतात, त्यामुळे दर वेळी वाकावं लागत नाही. फेणीच्या भट्टीवर काम करायला मी मुलांना सांगत नाही. गोव्यात दारू पिण्याचं कायदेशीर वय २१ आहे आणि भट्टीवर मोह टाळणं सोपं नसतं.

पेडण्यात आगरवाड्याला मिठागरं आहेत. जानेवारीत वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून घट्ट करतात आणि पाऊस येईपर्यंत मीठ ओढतात. ऊन डोक्यावर आणि मिठावरून परत डोळ्यांत, असं दुहेरी असतं. महिनाभर काढणाऱ्याला मी मानते.

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर सागरी कासवं अंडी घालायला येतात, मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च. वनखातं घरट्यांना कुंपण घालतं आणि राखणीला स्थानिक माणसं घेतं. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी असतात, पिल्लं बाहेर यायला साधारण पन्नास दिवस लागतात. काम रात्रीचं, एकट्याचं आणि बहुतेक वेळ नुसतं बसून राहण्याचं. विजेरी लावायची नाही, फोटो काढायचे नाहीत. संयम नसेल तर या वाटेला जाऊ नका.

पर्यटनातलं काम, म्हणजे दूधसागरला पर्यटकांची ने-आण, कयाक, पक्षी दाखवणं, हे ऑक्टोबरपासून असतं आणि पैसे बरे मिळतात. पण शॅकमध्ये ताटं उचलणं मी यात धरत नाही. समुद्र समोर असला तरी ते हॉटेलचंच काम आहे. समुद्रावरच जायचं असेल तर रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, दोर ओढायला जा. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे जूनमध्ये ट्रॉलरवर काम मागायला जाण्यात अर्थ नाही.

यातून शिकायला काय मिळतं? मजुरीच ना?

माझ्या पहिल्या आठवड्यातली एक गोष्ट सांगते. मामाने मला पाट सांभाळायला दिला. वरच्या झऱ्याचं पाणी दगडी पाटाने येतं आणि प्रत्येक आळ्यापाशी पाट फोडून ते आत घ्यायचं, आळं भरलं की फोडलेली जागा बुजवून पाणी पुढे सोडायचं. मी मातीचे गोळे लावत होते आणि पाणी ते धुऊन नेत होतं. कुळागरात तीस वर्षं काम केलेल्या मावशी वरून बघत होत्या. त्या खाली आल्या, केळीचं एक सोपट (खोडाची साल) सोललं, पाटात आडवं धरलं, मागे मूठभर पालापाचोळा आणि त्याच्यामागे चिखल. पाणी थांबलं. "आधी पाण्याचा जोर मोड, मग माती लाव," एवढंच बोलल्या.

तीन आठवडे तेच काम केलं तेव्हा कुठल्या आळ्यातलं पाणी लवकर जिरतं, कुठे खेकड्याने भोक पाडलंय, कुठल्या पोफळीची मुळं उघडी पडलीत हे न बघता कळू लागलं. पुढे कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या सरांनी मातीची जलधारणक्षमता शिकवली तेव्हा वर्गात मला एकटीला त्या शब्दाचा अर्थ पायाच्या तळव्यांनी ठाऊक होता. मी आज जी शिक्षिका आहे ती त्या पाटावरून आलेली आहे.

मुलगा अजून १७ वर्षांचा आहे. चालेल?

बाल व किशोर कामगार कायद्याप्रमाणे १४ ते १८ वयाच्या मुलांना खाणी, स्फोटकं आणि इतर धोकादायक प्रक्रियांत कामाला ठेवता येत नाही. शेतीत, कुळागरात हलकी कामं करता येतात. तरीही अठरा पूर्ण होईपर्यंत माडावर चढणं, फवारणी, पॉवर टिलर आणि होडी यांपासून लांब ठेवा. गिअरच्या दुचाकीचा परवानाही अठरालाच मिळतो, म्हणून काम बसच्या वाटेवर असेल असं बघा. आणि कदंबचा (सरकारी बसचा) विद्यार्थी पास शाळा-कॉलेजच्या सहीवर मिळतो, या वर्षी तो नसेल. तेवढा खर्च आधीच धरा.

पैसे मिळतील का?

मिळायला हवेत. "शिकायला येतोय, पैसे नकोत" असं म्हणणारी मुलं असतात, भावना चांगली असते, पण ती चूक आहे. फुकट राबणारं पोर आलं की शेजारच्या मजुराचा रोज (दिवसाची मजुरी) घसरतो, आणि ते काम त्याचं पोट आहे. पहिले पंधरा दिवस तुमचा हात हळू चालेल, तेव्हा कमी घ्या. त्यानंतर गावात चालू असलेला रोज मागा. रोज किती, पैसे रोजचे की शनिवारी, आणि पावसाने काम बंद पडलं तर काय, हे कामाला लागण्याआधी आईवडिलांसमोर बोलून घ्या. पैसे मुलाच्या बँक खात्यात जाऊ देत. घरखर्चाला थोडे द्यायला सांगा, सगळे काढून घेऊ नका.

मुलीने असं काम करणं सुरक्षित आहे का?

मी केलं. माझ्या आईने तीन गोष्टी बघितल्या होत्या आणि मी आजही त्याच सांगते. कामावर आणखी बायका आहेत का, संडासाची सोय कुठे आहे, आणि संध्याकाळची शेवटची बस किती वाजता. तिन्हींची उत्तरं समाधानाची नसतील तर दुसरी जागा शोधा. लावणी, कापणी आणि काजू गोळा करणं ही कामं गोव्यात बायकाच मोठ्या संख्येने करतात, त्यामुळे जागा मिळतात. पाळीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभं राहायचं नसेल तर तसं सांगा. मावशींना सांगितलं तर त्या समजून घेतात.

साप, ताप, पाणी यांचं काय?

याला जास्त वेळ देते, कारण इथे चूक परवडत नाही.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप आपल्याकडे आहेत. फुरसं कातळावर, दगडाखाली असतं आणि लहान असल्यामुळे दिसत नाही. गवतात, पाचोळ्यात गुडघ्यापर्यंतचे बूट घाला, हात घालण्याआधी काठीने चाळवा. चावलाच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही. अंगठी-बांगड्या काढा, अवयव हलवू नका, १०८ ला फोन करा आणि सरळ दवाखाना. मांत्रिकाकडे नेलं आणि वेळ गेला, असं एक मरण मी शेजारच्या वाड्यावर पाहिलंय.

भाताच्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होतो, उंदरांच्या मुताने. पायाला जखम असेल तर त्या दिवशी चिखलात उतरू नका. ताप, अंगदुखी आणि पोटऱ्या दुखणं एकत्र आलं तर डॉक्टरांना "मी शेतात काम करतो" हे आधी सांगा.

सत्तरीत काजूला जाणाऱ्यांना माकडतापाचं सांगितल्याशिवाय मी सोडत नाही. २०१५ साली पाली गावात तो पसरला, काजूच्या बागांत जाणाऱ्यांना मुख्यतः झाला. गोचिडीच्या चावण्याने होतो, डिसेंबरपासून पाऊस येईपर्यंत जोर असतो. पूर्ण बाह्यांचे कपडे, पँट मोज्यांत खोचलेली, आरोग्य केंद्रातून मिळेल ते गोचिडीसाठीचं तेल अंगाला, आणि घरी आल्या आल्या गरम पाण्याने आंघोळ, कपडे वेगळे. रानात मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा.

पाण्याबद्दल एकच. पोहता येतं म्हणून पावसाळ्यात धबधब्याखाली, नदीत किंवा समुद्रात उतरायचं नाही. सगळ्यात चांगले पोहणारेच जास्त पुढे जातात.

विमा वगैरे?

अठरा पूर्ण असतील तर बँकेत पंतप्रधान सुरक्षा विमा योजना घ्या. वर्षाला २० रुपयांत अपघाताला २ लाखांचं संरक्षण मिळतं. घराचं दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्ड चालू आहे का तेही तपासा. धनुर्वाताची सुई पहिल्या दिवसाच्या आधी.

घरचीच शेती आहे. तिथेच काम केलं तर?

पहिले चार-पाच महिने तरी दुसऱ्याकडे पाठवा. घरच्या शेतात सकाळी उठवायला आई असते आणि उशीर झाला तर वडील ओरडून गप्प बसतात. मी मामाकडे गेले म्हणून शिकले, आणि खरं तर मामासुद्धा थोडा जवळचाच होता.

आम्ही पणजीत फ्लॅटमध्ये राहतो. आमच्या मुलाला कोण ओळखतं?

विभागीय कृषी कार्यालयात जा. तिथल्या माणसांना कुणाकडे हात कमी आहेत ते माहीत असतं. रविवारी कुणाच्या तरी ओळखीने गावात जाऊन मुलाने स्वतः बोलावं, वडिलांनी नव्हे. राहायची सोय गावात असेल तर उत्तम, कारण काम सकाळी साडेसहाला सुरू होतं. दहाच्या सुमारास पेज मिळते, लोणचं किंवा सुकी मासळी लावून. शहरातली मुलं पहिल्या दिवशी पेज नको म्हणतात. तिसऱ्या दिवशी दुसऱ्यांदा मागतात.

मोबाईलचं काय करायचं?

कामावर पिशवीत. रात्री वहीत चार ओळी लिहा: आज काय केलं, पाऊस किती, काय चुकलं. पुढे मुलाखतीत "या वर्षात काय केलं?" असं विचारलं की ती वही पुढे ठेवता येते. माझी अजून कपाटात आहे, चिखलाचे डाग पडलेली.

मध्येच सोडून द्यावंसं वाटलं तर?

वाटेल, बहुधा ऑगस्टमध्ये, जेव्हा कपडे वाळत नाहीत आणि मित्रांचे कॉलेजचे फोटो येतात. त्या दिवशी निर्णय घेऊ नका. कापणीपर्यंत थांबा. कापणीनंतरही तेच वाटलं तर जरूर सोडा, पण आठ दिवस आधी मालकाला तोंडावर सांगा, फोनवर नाही. राहिलेला हिशेब करून घ्या, घेतलेला विळा धार लावून परत करा, आणि ज्यांच्याकडून शिकलात त्यांच्या घरी एकदा जाऊन या.